उणे वीसचं लेबल आणि मेळघाटचा पाऊस: शेंदुरजना घाटकडच्या एका नर्सरीतली घायपातं

वरुड-शेंदुरजना घाट म्हटलं की डोळ्यांपुढे संत्र्याच्या कलमा येतात. जंबेरीच्या खुंटावर डोळे भरलेली रोपं, प्लास्टिकच्या पिशव्या, गाड्या भरणारी माणसं. त्या भागातल्या एका नर्सरीत मात्र कलमांच्या रांगांच्या मागे, हिरव्या नेटखाली, मालकांच्या मुलाने घायपातांचा कोपरा केलाय. बांधावर असतं ते दोराचं केकताड नाही हे. मेक्सिको आणि अमेरिकेच्या डोंगरांतली, बर्फ अंगावर घेणारी जातवान अगेव्हं (घायपाताचं शास्त्रीय नाव अगेव्ह). गेली काही वर्षं मी तिथूनच झाडं आणतेय, म्हणून हा लेखी हिशोब. नाव टाकत नाही, कारण मालकांनीच हात जोडले: "ताई, नाव नोका टाकू. लोकं कलमा सोडून काटेच पाह्यले येतीन." शेंदुरजन्यात चहाच्या टपरीवर "काटेवाली नर्सरी" विचारा, पोचाल.

आमचा होमस्टे चिखलदऱ्याच्या पठारावर, गावाबाहेर. चार खोल्या, पुढे व्हरांडा आणि खाली नाल्यापर्यंत उतरत जाणारं मोठं अंगण. पाहुणे नागपूर, अकोला, अमरावतीकडचे, मे महिन्यात ४५ अंशांतून पळून आलेले. त्यांना मी थंडीची झाडं म्हटलं की हसू येतं. विदर्भात कुठला आलाय बर्फ? तर ऐका. २९ डिसेंबर २०१८ ला खुद्द नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. आणि हा आकडा जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ, अशा रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते, आणि गवताच्या पात्यापाशी हवेपेक्षा कितीतरी जास्त गारठा असतो. म्हणून पेटीत तीन-चार अंश असताना गवतावर मात्र दवाचा बर्फ होतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत जीपच्या टपावर, गंजीवर, पालकाच्या पानांवर पांढरा थर दिसला की पाहुणे मोबाइल घेऊन धावतात आणि मी फडकी घेऊन वाफ्याकडे.

गार हवा जड असते, ती उताराने खाली वाहते आणि खोलगटात साचते. आमच्या अंगणात नाल्याकडचा कोपरा त्यामुळे सगळ्यात वाईट. घराच्या दक्षिणेकडच्या दगडी भिंतीशी मात्र, दिवसभर तापलेल्या दगडामुळे, पहाटेसुद्धा हात लावला तर बरं वाटतं. एकाच अंगणात एवढा फरक. झाड निवडताना गावाचं तापमान बघण्याआधी हे बघायला पाहिजे.

याचा पुरावा सुनेने आणलेल्या अटेन्युएटाने दिला. अटेन्युएटा म्हणजे ते बिनकाट्याचं, मऊ, फिकट हिरव्या रुंद पानांचं अगेव्ह, जे हल्ली प्रत्येक बंगल्याच्या फाटकाशी दिसतं. दिसायला छानच. पण शून्याखाली एक-दोन अंश गेले की त्याची पानं दुखावतात. एक कुंडी व्हरांड्यात होती, छपराखाली, ती तशीच हिरवीगार राहिली. दुसरी नाल्याकडे लावलेली. एका पहाटेनंतर तिची पानं आधी काचेसारखी पारदर्शक झाली, दोन-तीन दिवसांत तपकिरी, मग लिबलिबीत. बुडखा वाचला आणि उन्हाळ्यात नवी पानं आली, पण ती शोभा गेली. शेजारचं अमेरिकाना, म्हणजे ते मोठं राखी-निळं घायपात, तिथंच होतं. त्याला काही म्हणजे काही झालं नाही. ते उणे आठपर्यंत सहज जातं.

आता नर्सरीवर येते.

मुलगा शिकलेला आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून आलेला. झाडांची नावं तोंडपाठ, आणि त्याहून महत्त्वाचं, झाड कुठल्या डोंगरातलं हे सांगतो. वडील मात्र संत्र्याचे. ते अगेव्हच्या कोपऱ्यात येतात आणि म्हणतात, "काय बाप्पा, पैसे देऊन काटे!" मुलगा नसेल त्या दिवशी जाऊ नका. वडील जे हाताला लागेल ते "लय मजबूत हाय" म्हणून देतात.

प्रत्येक कुंडीत एक पांढरी पट्टी, तिच्यावर नाव आणि खाली "कोल्ड हार्डी, उणे अमुक". पॅरिईवर उणे वीस. युटाहेन्सिसवर त्याहूनही खाली. ओव्हॅटिफोलियावर उणे पंधरा. व्हिक्टोरिया रेजिनीवर उणे दहा. आकडे खोटे नाहीत. अॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या उंच भागात पॅरिई खरोखर बर्फाखाली झोपतं. पण माझं या नर्सरीबद्दलचं मुख्य मत याच पट्टीवरून आहे, ते आधी सांगून टाकते: विदर्भातल्या माणसाला उणे वीस कशाला हवंय? आमच्या सगळ्यात वाईट रात्री गवतावर उणे दोन-तीन होत असेल. तेवढं या कोपऱ्यातली जवळजवळ सगळी झाडं हसत सोसतील. जो आकडा पट्टीवर हवा तो नाहीच: जून ते सप्टेंबर चार महिने ओल्या मातीत उभं राहून हे झाड जगेल का?

कारण हे आकडे कोरड्या झाडाचे असतात. अगेव्ह थंडीची तयारी करतं म्हणजे पेशींतलं पाणी कमी करतं, उरलेला रस दाट होतो, आणि दाट रस सहजी गोठत नाही. हे तेव्हाच जमतं जेव्हा मुळाशी कोरडं असतं. मूळ ओलं असेल तर झाड फुगलेलंच राहतं, पेशीत बर्फ होतो, पेशी फुटते, आणि मग मधल्या पोंग्यातून सड सुरू होते. उणे वीसचं पॅरिई ओल्या काळ्या मातीत उणे तीनला मरू शकतं. आपल्याकडे हिवाळा कोरडा असतो हे नशीब. अवकाळी सोडला तर ऑक्टोबरनंतर पाऊस नाही. म्हणजे थंडीचा पेपर आपण सोपाच देतो. नापास होतो ते पावसाळ्यात.

चिखलदऱ्यात वर्षाला दीडेक हजार मिलिमीटर पाऊस. जुलै-ऑगस्टात धुकं असं उतरतं की समोरच्या खोलीचं दार दिसत नाही, आणि सूर्य आठवडाभर फिरकत नाही. यांतल्या बहुतेक झाडांच्या गावी आमच्या दोन महिन्यांत पडतो तेवढा पाऊस अख्ख्या वर्षात पडत नाही. त्यातून खाली वऱ्हाडात, जिथं काळी कापसाची माती आहे, तिथं तर आणखी कठीण. ती माती पाणी पिऊन फुगते आणि धरून ठेवते. कापसाला, तुरीला ते वरदान. अगेव्हला मरण.

हे मी त्या मुलाला बोलले तेव्हा त्याने वाद घातला नाही, ही त्याची मोठी बाजू. म्हणाला, "ताई, पट्टी पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी आहे, त्यांना आकडा लागतो. तुम्हाला मी वेगळी झाडं दाखवतो." आणि त्याने खरंच युटाहेन्सिस बाजूला सारलं. ते मोहावे वाळवंटाकडचं आणि ग्रँड कॅन्यनच्या कड्यांवरचं. उन्हाळ्यातल्या गरम ओलाव्याची त्याला सवयच नाही. सगळ्यात जास्त थंडी सोसणारं झाड, आणि मेळघाटात सगळ्यात आधी कुजणारं. पट्टी बघून घेणारा नेमकं तेच उचलणार. विकणाऱ्याने स्वतःहून "हे नका घेऊ" म्हणणं मला या धंद्यात फार कमी वेळा भेटलंय.

पॅरिईचं वेगळं. त्याच्या मूळ प्रदेशात उन्हाळी पाऊस येतो, जुलै-ऑगस्टातच, गडगडाटासह. थोडा, पण येतो. म्हणून ते पावसाने लगेच दचकत नाही, फक्त पाणी निघून जायला हवं. त्यातही ट्रंकाटा नावाचा प्रकार घ्या. आखूड, रुंद, निळसर राखी पानं एकावर एक बसलेली, कडेला आणि टोकाला लालसर-काळे काटे. तळहाताएवढं असतानाही पूर्ण वाढलेलं वाटतं. याला फुटवे भरपूर येतात, म्हणून ते तिथं तीनशेच्या आसपास मिळतं. आमच्या भिंतीच्या कडेला याची आता रांग झालीय, सगळी पहिल्या एकाची पिल्लं.

ओव्हॅटिफोलियासाठी मात्र खिसा सैल करावा लागतो. मागच्या वेळी टेनिसच्या चेंडूएवढ्या रोपाचे नऊशे घेतले. महाग का, तर हे झाड सहसा पिल्लं देत नाही, प्रत्येक रोप बियांतून करावं लागतं, आणि वाढ सावकाश. इंग्रजीत त्याला व्हेलच्या जिभेचं अगेव्ह म्हणतात. पान रुंद, मध्ये खोलगट, पावडर फासल्यासारखं निळं. ईशान्य मेक्सिकोतल्या नुएव्हो लिऑनच्या डोंगरांतलं आहे, आणि शास्त्राच्या पुस्तकात त्याला नाव मिळालं ते अगदी अलीकडे, २००२ साली. त्याचे डोंगर चिखलदऱ्याएवढे किंवा त्याहून उंच. पूर्ण वाढलं की मीटरभराच्या वर पसरतं. कुंडीत कोंडू नका, आणि वाटेपासून लांब लावा. आमच्याकडचं सगळ्यात देखणं झाड आज हेच आहे, आणि नऊशे रुपयांबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही. आमच्या ह्यांना आहे.

व्हिक्टोरिया रेजिनी राणीच्या नावाचं, १८७५ पासून. छोटं, गच्च, गर्द हिरव्या पानांवर पांढऱ्या रेघा. जंगलातून इतकं ओरबाडलं गेलं की आता त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. साइट्स, म्हणजे रानातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे ते. मी विचारलं, बियांतलं आहे की कुठून उपटून आणलेलं? मुलाने मागच्या ट्रेमधली मटाराएवढी रोपं दाखवली. ठीक. हे मी कुंडीतच ठेवते, पावसाळ्यात छपराखाली सरकवते. जमिनीत लावून बघायची माझी हिंमत नाही.

पण होमस्टेवाल्यांनी, किंवा घरात लहान मुलं असलेल्यांनी, सगळ्यात आधी ब्रॅक्टिओसा बघावं. ना टोकाला सुई, ना कडेला दात. पानं फिकट हिरवी, लांब, टोकांशी वळलेली. मॉन्टेरेच्या आसपासच्या कड्यांवर, चुनखडीच्या भेगांत वाढतं, म्हणजे पाणी कधी साचत नाही अशा जागी. थंडी उणे दहाच्या आसपासपर्यंत सोसतं, थोडी सावलीही चालते. अटेन्युएटाला जे लोक मऊ म्हणून घेतात, त्यांनी आमच्यासारख्या ठिकाणी हे घ्यावं. त्या नर्सरीत हे कोपऱ्याच्या अगदी मागे, नेटच्या खांबाशी पडलेलं असतं, कोणी विचारत नाही म्हणून. अडीचशेला मिळतं. दिसायला भारी नाही म्हणून स्वस्त, आणि कामाचं मात्र सगळ्यात जास्त.

खाली वऱ्हाडात, मोर्शी-दर्यापूर-अंजनगावकडे राहणाऱ्यांना मी लोफान्था सांगेन. टेक्सास आणि पूर्व मेक्सिकोकडचं, दमट हवा बाकीच्यांपेक्षा बरी सोसतं, मे महिन्यातही तग धरतं, आणि पिल्लं देतं. त्याचा एक पिवळ्या पट्ट्यांचा प्रकार तिथं असतो, तो बायकांना फार आवडतो असं मालक म्हणतात. मला तो भडक वाटतो.

तक्रारी. पहिली आणि मोठी: सगळी झाडं निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात. नर्सरीवाल्याला ते सोयीचं, हलकं, गाडीत वजन होत नाही, आणि नेटखाली पाणी मोजून देता येतं. आपल्या अंगणात ते पावसात स्पंजाचं काम करतं, आणि एकदा पूर्ण वाळलं की परत पाणीच पीत नाही. घरी आणलं की पहिलं काम म्हणजे मुळांवरचं सगळं कोकोपीट बादलीत हलक्या हाताने धुऊन काढणं आणि झाड सावलीत आठवडाभर नुसतं पडू देणं. घाबरू नका, अगेव्ह मातीशिवाय आठवडेच्या आठवडे राहतं. हे मी दर वेळी त्याला सांगते, तो दर वेळी मान हलवतो, आणि दर वेळी कोकोपीटच.

दुसरी: पट्ट्यांची अदलाबदल. पॅरिई म्हणून आणलेलं एक झाड सहा महिन्यांत जे उंच आणि लांब पानांचं व्हायला लागलं, ते पाहून मला कळलं की हे अमेरिकानाचं पिल्लू. फोटो पाठवला. मुलाने लगेच कबूल केलं, पुढच्या वेळी खरं पॅरिई दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि अमेरिकानाही परत मागितलं नाही. चूक त्याची, निस्तरलीही त्यानेच. पण माझ्यासारखी रोज बघणारी नसती तर? छोट्या रोपात ओळखायची एक खूण: पॅरिईची पानं लहानपणीही आखूड आणि जाड असतात, मागचं पान पुढच्यावर टेकतं. अमेरिकानाचं पिल्लू लांबुळकं आणि मोकळं.

तिसरी किरकोळ: यूपीआय कधी चालतं, कधी नाही. रेंजच नसते. रोख न्या.

पार्सलही पाठवतो. माती काढून, मुळं कोरडी करून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात आडवं. परतवाड्यापर्यंत कुरियर येतं, पुढे एसटीने किंवा कोणी येत-जात असेल तर त्याच्या हाती. एक पार्सल मधल्या सुट्ट्यांमुळे फार रखडलं होतं, तरी झाड नुसतं सुरकुतलेलं, मेलेलं नव्हतं. पाणी दिलं, महिन्याभरात भरलं. पॅकिंगला पैकीच्या पैकी मार्क. काट्यांच्या टोकांवर थर्माकोलचे तुकडे खोचतो, हे मला विशेष वाटलं.

आता लावायचं कसं, कारण तिथून मिळणारा छापील कागद फारच त्रोटक आहे. "वेल ड्रेन्ड सॉइल" एवढं लिहून भागत नाही. आमच्याकडे खड्डा खणला की पाणी त्यातच साचतं, खाली काळा खडक. म्हणून मी खड्डा खणतच नाही. जमिनीवर दीड-दोन फूट उंचीचा ढीग करते: खाली हाताएवढे काळे दगड, वर जाड मुरूम, त्यात चुरी आणि फुटक्या विटांचे तुकडे, आणि अगदी थोडी, म्हणजे पाच घमेली मुरमाला एक घमेलं, अंगणातली माती. शेणखत नाही. आमच्याकडे कामाला येणारे कोरकू काका पहिल्या वेळी हे बघून म्हणाले, यात गवतही उगवणार नाही. गवत उगवू नये म्हणूनच तर, काका.

आणि झाड सरळ लावायचं नाही. तिरकं लावायचं, कललेलं, तोंड उताराकडे करून. यांतली बरीचशी झाडं कड्या-उतारांवर तशीच वाढतात. सरळ लावलेल्या अगेव्हचा मधला पोंगा म्हणजे वाटी, त्यात धुक्याचं पाणी, पडलेली पानं, किड्यांची घाण साचते आणि तिथूनच सड लागते. तिरकं असलं की पाणी वाहून जातं. दोन-तीन दगड पोटाशी लावून टेकू द्या. पहिल्या वर्षी विचित्र दिसतं, नंतर झाड स्वतःच डोकं वर करतं. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ दर वर्षी येऊन "वहिनी, ते झाड पडलंय" सांगतात.

लावायची वेळ: होळीच्या आधी किंवा पाऊस संपल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास. नर्सरीवाले जून-जुलैत सवलत देतात कारण सगळं जग पावसाळ्यात झाडं लावतं. सवलत घ्या, झाड मात्र छपराखाली ठेवा आणि ऑक्टोबरात लावा. मुळं न धरलेलं अगेव्ह जुलैच्या धुक्यात ठेवणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं.

नेटखालून आणलेलं झाड सरळ उन्हातही नको. मार्च-एप्रिलचं ऊन पानावर पांढरे-तपकिरी चट्टे पाडतं, आणि ते चट्टे पान गळेपर्यंत राहतात, म्हणजे वर्षानुवर्षं. गारांचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चातली गारपीट संत्र्याचा आणि गव्हाचा जीव घेते, तिथं माझ्या अगेव्हचं काय रडगाणं गाऊ. पण ओव्हॅटिफोलियाच्या पानांवर एका वर्षीच्या गारांचे वण अजून आहेत. आता आभाळ हिरवट काळं झालं की जुनी गोधडी त्याच्यावर पडते.

पाणी: हिवाळ्यात शून्य. मी लिहिते ते खरं समजा, शून्य. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जमिनीतल्या झाडांना एक थेंब नाही, तेव्हाच ती थंडीसाठी तयार होतात. एप्रिल-मेमध्ये दहा-पंधरा दिवसांनी एकदा सकाळी किंवा संध्याकाळी भरपूर. ही झाडं हवा आत घेण्याची रंध्रं रात्री उघडतात, दिवसा बंद ठेवतात. म्हणून तर एवढं थोडं पाणी पुरतं.

वानरं पानं खात नाहीत, पण नवं लावलेलं उपटून बघतात. मुळं धरेपर्यंत बाभळीचे काटे भोवती टाका, काट्याच्या झाडाला काट्याचं कुंपण, हसा खुशाल. डुकरांनी मात्र अजून हात, म्हणजे नाक, लावलेलं नाही. वाटेकडच्या झाडांच्या टोकाच्या सुया मी नखं कापायच्या कटरने बोथट करते. अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त नाही, पान कापायचं नाही. पिल्लं काढताना चामड्याचे हातमोजे आणि पूर्ण बाह्या. रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कातडीला अशी खाज सुटते की दोन दिवस भाकरी थापता येत नाही. काढलेल्या पिल्लाची जखम सावलीत आठवडाभर वाळू द्यायची, मग लावायचं.

अनेक जण मला विचारतात की फुलल्यावर मरतं ना, मग कशाला? मरतं. पण दहा-वीस-तीस वर्षांनी, आणि तोवर अमेरिकानाचा दांडा सहा-सात मीटर चढतो, गावभर बातमी होते. पॅरिई, अमेरिकाना, लोफान्थाला पिल्लं असतात, जागा रिकामी राहत नाही. ओव्हॅटिफोलियाचं तसं नाही, एकदा गेलं की गेलं. ते माझ्या हयातीत फुलू नये अशी इच्छा आहे.

गुण द्यायचे तर झाडांच्या तब्येतीला पाचपैकी साडेचार, सल्ल्याला पाच (मुलगा असेल तर), पट्ट्यांना दोन, कोकोपीटला शून्य. दर नागपूरच्या शोभेच्या दुकानांपेक्षा बरेच कमी, ऑनलाइनवाल्यांच्या बरोबरीचे, पण इथं हाताने उचलून बुडखा दाबून बघता येतो. बुडखा घट्ट हवा. मऊ लागला तर कितीही सुंदर असो, ठेवून द्या.

ऑनलाइन निळ्या अगेव्हच्या बियांची पाकिटं शंभर रुपयांत मिळतात, फोटोत झाड जांभळं, गुलाबी, आकाशी. त्यांच्या नादी लागू नका एवढंच सांगते.

मागच्या वेळी मुलगा म्हणाला, मोंटाना मागवतोय, मेक्सिकोच्या पाइन-ओकच्या रानांतलं, दोन-तीन हजार मीटर उंचीवरचं, बर्फातलं, तुमच्या चिखलदऱ्याला शोभेल. झाड देखणं आहे, पानांवर पानांचेच ठसे उमटलेले असतात. पण त्याच्या डोंगरात उन्हाळी रात्री गार असतात, आणि आमच्या मे महिन्यातल्या रात्री तशा नाहीत. मी नको म्हटलं, त्याऐवजी ब्रॅक्टिओसाची चार ठेव म्हटलं, खोल्यांच्या दारांशी लावायला. दिवाळीनंतर आणेन. तुम्हीही त्याच सुमारास जाणार असाल तर सकाळी लवकर जा. दुपारी कलमांच्या गाड्या भरत असतात, आणि मग तो मुलगाही बापासारखाच हाताला लागेल ते देतो.